सलग तिकिटाची अट

पाठीवर पिशवी टाकून देशोदेशी हिंडणाऱ्या प्रवाशाकडे आज अनेक देश पुढच्या प्रवासाचे, म्हणजे ठरल्या मुदतीत देशाबाहेर पडण्याचे, तिकीट मागतात. आणि प्रवेश नाकारलेल्या माणसाला परत नेण्याचा भार विमान कंपनीवर पडत असल्यामुळे ही तपासणी बहुधा निघण्याच्या विमानतळावरच उरकली जाते. तिकिटालाच प्रवेशाची अट करण्याची आणि वाहतूक कंपनीला वेशीवर पहाऱ्याला बसवण्याची ही रीत मात्र विमानप्रवासाहून जुनी असून, तिचा अत्यंत कठोर प्रयोग हिंदी माणसांवर झाला.

८ जानेवारी १९०८ रोजी कॅनडा सरकारने असा हुकूम काढला की, स्थलांतरिताने आपल्या जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून, निघण्यापूर्वीच काढलेल्या सलग तिकिटावर, प्रवासात खंड न पाडता आले पाहिजे. यालाच ‘अखंड प्रवासाचा नियम’ म्हणतात. त्यात हिंदुस्थानचे नाव कोठेही नव्हते, कारण साम्राज्याच्या एका भागाने दुसऱ्या भागातील प्रजेला उघडपणे दार लावणे लंडनला अडचणीचे होते. पण हिंदुस्थानातून निघालेला प्रवासी सहसा हाँगकाँग किंवा जपानमार्गेच जाई, आणि सलग तिकीट देऊ शकणाऱ्या कॅनेडियन पॅसिफिक कंपनीला सरकारने ते न विकण्यास सांगितले, म्हणजे अट घालणाऱ्यानेच ती पाळण्याची वाट बुजवली. हा कायद्याच्या भाषेत केलेला उघड अन्याय होता. त्याच वर्षी आशियाई स्थलांतरिताजवळ २०० डॉलर असण्याची अटही जोडली गेली.

१९१४ साली गुरदित सिंग यांनी ‘कोमागाटा मारू’ हे जपानी जहाज भाड्याने घेऊन या नियमाला आव्हान दिले. मालाच्या तळघरात लाकडी बाकडी ठोकून उतारूंची सोय केलेले ते जहाज ४ एप्रिलला हाँगकाँगहून निघाले आणि शांघाय, मोजी व योकोहामा येथे माणसे घेत २३ मेला व्हँकूव्हरला पोचले, तेव्हा त्यावर ३७६ उतारू होते, बहुतेक पंजाबी शीख. किनारा डोळ्यांसमोर असताना दोन महिने त्यांना जहाजावरच कोंडून ठेवले, अन्नपाण्याचे हाल झाले, आणि न्यायालयानेही सरकारचाच पक्ष उचलून धरला. १९ जुलैला पोलीस जहाजावर चढू लागले तेव्हा उतारूंनी कोळशाच्या ढेकळांचा मारा करून त्यांना परतवले. तरी २३ जुलैला युद्धनौकेच्या धाकाखाली जहाज माघारी फिरले. अवघ्या २४ जणांना प्रवेश मिळाला, तेही बहुतेक कॅनडाचे पूर्वीचेच रहिवासी. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथे उतरलेल्या उतारूंवर गोळीबार झाला आणि त्यात सुमारे २० जण मरण पावले.

अखंड प्रवासाचा नियम १९४७ साली रद्द झाला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या प्रकरणाबद्दल माफी मागितली, ती १८ मे २०१६ रोजी.