द्राक्षांचे ३१२

फेब्रुवारीतली संध्याकाळ. काटेवाडीच्या घरी आज्जीच्या मीटरवर आकडा आला ३१२. किती शुगरला किती युनिट वाढवायचे, याचा डॉक्टरांनी दिलेला कागद कपाटाला चिकटवलेला. मी इन्सुलिनचं पेन फिरवायलाच घेतलं, तेवढ्यात ती म्हणाली, "आरं, आत्ता तर द्राक्षं निवडत हुते मी."

साबणाने हात धुतले, पुसले, दुसरं बोट टोचलं. १४८.

तो जादा डोस गेला असता तर रात्री झोपेतच तिची शुगर कोसळली असती. त्या रात्रीपासून मी या यंत्राचा इतिहास वाचायला लागलो.

आमच्या भागाला साखर मोजण्याची सवय जुनी. नीरा डावा कालवा आला, ऊस आला, शेजारी भवानीनगरला कारखाना आला. कारखान्याच्या लॅबमध्ये रसातली साखर पोलॅरिमीटरने मोजतात. एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर मधुमेह्यांच्या लघवीतली साखर मोजायला हेच तत्त्व वापरायचे!

घरी मात्र बराच काळ बेनेडिक्टचं निळं द्रावण होतं, १९०८ सालचं. त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. हिरवं, पिवळं, विटकरी, जसा रंग तशी साखर. पण साखर लघवीत उतरते ती रक्तात साधारण १८० ओलांडल्यावर. म्हणजे रक्तात ५० असो वा १५०, द्रावण निळंच. जीवघेणी कमी शुगर त्याला कधी दिसलीच नाही.

१९६०च्या दशकात रक्ताच्या थेंबाची पट्टी आली. बरोबर एक मिनिट थांबायचं, पाण्याने धुवायचं, रंग जुळवायचा. १९७०च्या सुमाराला तो रंग वाचणारं, किलोभराहून जड मीटर आलं, तेही डॉक्टरांसाठी. रिचर्ड बर्नस्टीन या मधुमेही इंजिनिअरने ते डॉक्टर बायकोच्या नावावर मागवलं आणि घरी स्वतःची शुगर मोजू लागला. मला या गोष्टीतला सगळ्यात आवडता माणूस हाच.

आजचं मीटर खिशात मावतं, पण २०१३च्या आंतरराष्ट्रीय मानकातही १००च्या पुढे १५ टक्के इकडेतिकडे चालतं. खरी शुगर १५० असेल, तर १३० आणि १७० दोन्ही पास. रक्त कमी असेल तर आकडा फुगतो. पट्ट्यांची डबी उघडी राहिली, उन्हात तापली, तरी बिघडतो.

आणि बोटावरचा रस? उसात मुख्यतः सुक्रोज, मीटर शोधतं ग्लुकोज. द्राक्षात ते भरपूर. थेंबभर रक्तात बोटावरचं तेवढं मिसळलं तरी पुरे.

आज्जी आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. त्या दिवशीचा ३१२ तिने खोडला नाही. शेजारी १४८ लिहिलं आणि ३१२ खाली बारीक अक्षरात "द्राक्षं".