प्लग अँड प्ले, लिनक्समधील
जोडलेले उपकरण ओळखून त्यास इंटरप्ट रेषा व पत्ते आपोआप नेमून देण्याची पद्धती. आयबीएमच्या १९८१ मधील संगणकात ते कार्डावरील जंपर हलवून ठरवीत. दोन कार्डांनी एकच रेषा घेतली की काम अडे. इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९३ मध्ये त्यासाठी मानक मांडले. लिनक्समध्ये हे काम आरंभी कर्नेलबाहेरील साधन करी, २.४ आवृत्तीत (२००१) ते कर्नेलात आले व २.६ मध्ये (२००३) अ‍ॅडम बेले यांनी रचलेला समाईक थर समाविष्ट झाला. आयएसए कार्डे बाजारातून गेली, तरी एसीपीआयच्या नोंदींसाठी तो थर लागतोच. निगा राखणे मात्र कठीण होते. कर्नेलची अंतर्गत रचना बदलली की जुने ड्रायव्हरही बदलावे लागतात. ते तपासण्यास कार्ड बहुधा कोणाहीपाशी नसते, आणि ड्रायव्हर काढून टाकल्यास एखाद्या कारखान्यातील जुने यंत्र नव्या आवृत्तीला मुकते.