घास अडतो तेव्हा

श्रोतेहो, आपल्या वसईची सुकेळी सर्वांना ठाऊक आहेत. कुणाला हे कोरडे सुकेळे गिळताना अडते, पण पाणी सरळ उतरते. दुसऱ्या कुणाला पहिल्या दिवसापासूनच पाण्याचा घोटही छातीत थांबल्यासारखा वाटतो. दोघेही म्हणतात, "घास उतरत नाही हो!" पण दोन्ही दुखणी एक नव्हेत, आणि हा भेद पारखायला वैद्यकशास्त्राला शतके लागली.

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही. स्नायूंची लाट त्याला ढकलते आणि जठराच्या तोंडाची झडप नेमक्या वेळी सैल होते. १६७४ साली टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने एका रोग्याची हकीकत लिहिली. त्याच्या जठराचे तोंडच उघडत नव्हते. विलिसने देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्टीची कांडी करून तिच्या टोकाला स्पंज बांधला. त्या कांडीने घास खाली ढकलून तो रोगी जगला. उपाय सापडला, पण आत बिघडले काय, हे पाहणार कसे?

१८९५ साली रोंटगेनने क्ष-किरण शोधले. पुढे रोग्याला बेरियमचे दाट पाणी पाजून छायाचित्र घेऊ लागले. न उघडणारी झडप त्यात पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसे. या विकाराला 'अकॅलेशिया', म्हणजे सैल न होणे, असे नाव पडले. तरी छायाचित्रात आकार दिसतो, स्नायूंचा जोर मोजता येत नाही. तो मोजते मॅनोमेट्री. नाकावाटे बारीक नळी घालून रोग्याला पाण्याचे घोट गिळायला देतात. लाट कुठे विरली, झडप उघडली की नाही, हे दाबाच्या आलेखावर उमटते. २००८ साली अशाच आलेखांवरून अकॅलेशियाचे तीन प्रकार वेगळे केले गेले. त्यावरून उपचार ठरवणे सोपे झाले.

शिक्षकबंधूंनो, गावात कुणाचा घास अडत असेल तर "वय झालं, चालायचंच" म्हणू नका. आधी घन पदार्थ अडले आणि मग पातळ, की दोन्ही एकदमच, एवढे विचारून डॉक्टरांना सांगा. पहिल्या प्रकारात नळी अरुंद झाल्याची, प्रसंगी कर्करोगाची, शंका अधिक; दुसऱ्यात स्नायूंच्या बिघाडाची. मात्र निवाडा आपण करू नये. दुर्बिणीची तपासणी दोघांचीही आधी व्हायला हवी, कारण कर्करोग कधीकधी अकॅलेशियाचे सोंग घेतो, आणि त्यात दवडलेला महिना परत मिळत नाही.