परसातील कोंबड्यांचे भक्षकांपासून संरक्षण

घराच्या अंगणात वा परसात पाच-दहा कोंबड्या पाळण्याची प्रथा भारताच्या बहुतेक सर्व राज्यांत आढळते. २०१९ मधील विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी १८ लाख कुक्कुटपक्षी होते. त्यांपैकी ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते. आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांच्या संख्येत सुमारे ४६ टक्के वाढ नोंदविण्यात आली. अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबांत या कोंबड्यांची देखभाल प्रामुख्याने स्त्रिया करतात. अंडी व पक्ष्यांच्या विक्रीतून मिळणारी रक्कम किरकोळ घरखर्चासाठी उपयोगी पडते. त्यामुळे खुराड्यात शिरलेले मुंगूस वा रानमांजर अशा कुटुंबाची कित्येक महिन्यांची बचत नाहीशी करू शकते.

भक्षक आणि त्यांच्या खुणा

दिवसा घार, शिक्रा आणि कावळे पिल्लांवर झडप घालतात. मुंगूसही दिवसाच वावरते. रात्री व संधिप्रकाशात कोल्हा, रानमांजर, उदमांजर आणि जवादी मांजर यांचा धोका असतो. भटकी कुत्री व मांजरे कोणत्याही वेळी येऊ शकतात. नाग, धामण, घोरपड आणि घुशी अंडी व पिल्लांचा फडशा पाडतात.

उपाययोजना करण्यापूर्वी हल्ला कोणी केला, हे जाणून घेणे आवश्यक असते. संपूर्ण पक्षी नाहीसा होऊन केवळ पिसे विखुरलेली आढळल्यास कोल्हा, कुत्रा किंवा रानमांजर यांचा संशय घेता येतो. अनेक पक्षी मारून तेथेच टाकलेले असल्यास ते बहुधा कुत्र्याचे वा मुंगसाचे कृत्य असते. साप अंडे अखंड गिळत असल्याने मागे कवच उरत नाही. कावळे, मुंगूस व घुशी मात्र फुटलेली कवचे मागे ठेवतात.

अंगावर कोणतीही जखम नसताना अनेक पक्षी एकाएकी दगावले, तर कारण भक्षक नसून रोग असण्याची शक्यता अधिक असते. देशात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला होता. अशा वेळी मृत पक्ष्यांना हात न लावता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तात्काळ कळविणे इष्ट ठरते.

रात्रीचा निवारा

सूर्यास्तापूर्वी सर्व पक्षी खुराड्यात घेऊन दार बंद करणे, हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. आसाममध्ये व ईशान्येकडील अन्य भागांत बांबूची, खांबांवर उभारलेली खुराडी वापरली जातात. केरळमध्येही पायांवरची लाकडी खुराडी आढळतात. जमिनीपासून दोन ते तीन फूट उंचीवरील खुराडे कोरडे राहते आणि त्याखाली भक्षकाला बीळ खणून आत शिरता येत नाही. खांबांभोवती गुळगुळीत पत्रा गुंडाळल्यास घुशी-उंदरांना वर चढणे कठीण जाते. प्रत्येक मोठ्या पक्ष्यासाठी साधारण एक ते दीड चौरस फूट जागा पुरेशी समजली जाते.

बाजारात मिळणारी षटकोनी छिद्रांची बारीक तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, परंतु भक्षकाला बाहेर ठेवीलच असे नाही. कुत्रा ती फाडू शकतो आणि लहान मुंगूस तिच्या मोठ्या छिद्रांतून आत येऊ शकते. त्याऐवजी अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची वेल्डेड जाळी वापरणे हितावह असते. खुराडे जमिनीवरच असल्यास ही जाळी सुमारे एक फूट खोल पुरावी किंवा बाहेरच्या बाजूस दीड फूट आडवी पसरून तिच्यावर माती व दगड टाकावेत. दाराला केवळ दोरी न बांधता घट्ट बसणारी कडी लावावी. वायुवीजनाच्या झरोक्यांनाही जाळी आवश्यक असते.

सांडलेले दाणे उंदरांना आकर्षित करतात आणि उंदरांमागे साप येतात. म्हणून उरलेले खाद्य रात्री उचलून ठेवावे आणि अंडी रोज गोळा करावीत. मृत पक्षी उघड्यावर फेकल्यास कुत्रे व कोल्हे त्या जागेला सरावतात. रोगाचा संशय नसल्यास ते खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत.

पिल्लांची जपणूक आणि वाणाची निवड

सर्वाधिक हानी पिल्लांची होते. वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित वाणांची पिल्ले साधारण सहा आठवड्यांपर्यंत बंदिस्त जागेत वाढवून मगच मोकळी सोडण्याचा सल्ला दिला जातो. देशी कोंबडीची पिल्ले डालग्याखाली किंवा वरून जाळी घातलेल्या कुंपणात ठेवता येतात. परसात झुडपे वा वेलींचा मांडव असल्यास घारीची चाहूल लागताच पक्ष्यांना आडोसा मिळतो.

वाणाची निवडही महत्त्वाची ठरते. बरेलीजवळील इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असील जातीच्या संकरातून ‘कारी निर्भीक’ हा वाण विकसित केला आहे. चपळता व लढाऊ वृत्ती यांमुळे तो भक्षकांपासून स्वतःचा बचाव करण्यास अधिक सक्षम मानला जातो. याउलट वजनदार आणि मंद पक्षी सहज सावज ठरतात.

कायद्याची मर्यादा

विष घालणे, फासे लावणे किंवा कुंपणात वीजप्रवाह सोडणे हे मार्ग टाळले पाहिजेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीच्या व्याख्येत विषप्रयोग व सापळा लावणे यांचाही समावेश होतो. मुंगूस, रानमांजर, कोल्हा आणि घोरपड या प्राण्यांना या कायद्याचे संरक्षण आहे. घोरपडीचा समावेश पहिल्या अनुसूचीत असून तिच्या शिकारीबद्दल तीन ते सात वर्षांच्या कारावासाची आणि २०२२ च्या दुरुस्तीनुसार किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. विषारी आमिष पाळीव कुत्री, गुरे व मुले यांच्याही हाती लागू शकते. शिवाय मुंगूस, रानमांजर व धामण हे प्राणी उंदीर-घुशींवर नियंत्रण ठेवतात. ते नाहीसे झाल्यास अंडी, पिल्ले आणि घरातील धान्य या तिन्हींची हानी वाढू शकते.

खुराड्यात साप आढळल्यास तो पकडण्याचा वा मारण्याचा प्रयत्न न करता, सुरक्षित अंतर राखून वन विभागास किंवा प्रशिक्षित सर्पमित्रास बोलवावे. साप बाहेर काढल्यानंतर तो ज्या फटीतून आत शिरला, ती शोधून त्याच दिवशी बुजवावी.