काश्मिरी नीलम

काश्मिरी नीलम : जम्मू व काश्मीर संस्थानाच्या पाडर भागात १८८१ च्या सुमारास सापडलेले निळे रत्न. नीलम हा कुरुविंद या खनिजाचा प्रकार असून माणिकही त्याच खनिजाचे असते. कठिनता ९, वि. गु. सु. ४. ॲल्युमिनियम ऑक्साइडाच्या स्फटिकात लोह व टिटॅनियम यांचा अल्पांश असल्याने निळा रंग येतो.

झास्कर पर्वतश्रेणीत सुमजाम गावाच्या वर, सु. ४,५०० मी. उंचीवर, दरड कोसळून हे स्फटिक उघडे पडले. प्रारंभी त्यांचे मोल कोणी जाणले नाही. व्यापाऱ्यांनी ते लाहूलमार्गे सिमल्यास नेले आणि तेथे त्यांची पारख झाली. मिठाच्या भारोभार नीलम दिल्याची कथा सांगतात. तिच्यात अतिशयोक्ती असावी, तथापि सुरुवातीची किंमत नगण्य होती हे खरे. भूवैज्ञानिक एफ्. आर्. मॅलेट यांनी १८८२ मध्ये या शोधाचे वर्णन प्रसिद्ध केले. महाराजा रणबीरसिंग यांनी (कार. १८५७–८५) तेथे पहारा बसविला.

मात्र सुपीक काळ फार थोडा ठरला. १८८७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टी. डी. ला टूश यांनी पाहणी केली, तोवर जुनी खाण जवळजवळ रिकामी झाली होती. खालच्या उतारावरील गाळातही खोदकाम झाले, परंतु पूर्वीच्या तोडीचे खडे क्वचितच मिळाले. वर्षातील बहुतेक काळ बर्फ असल्याने उन्हाळ्याचे दोन-तीन महिनेच काम करता येई. विसाव्या शतकातील मक्तेदारांच्या खटपटींना पहिल्यासारखे यश आले नाही. काश्मिरी नीलमाची सारी कीर्ती अशा प्रकारे मुख्यतः पाच-सहा वर्षांच्या उत्पादनावर उभी आहे. हा प्रदेश आज किश्तवार जिल्ह्यात मोडतो.

या नीलमाचा निळा रंग गडद पण काळपटपणाविरहित असतो व त्यावर मखमलीसारखी मंद झाक दिसते. स्फटिकातील अतिसूक्ष्म कणांमुळे प्रकाश विखुरतो आणि रंग दगडभर पसरल्यासारखा भासतो. निर्दोष पारदर्शकता हा एरवी रत्नाचा गुण. येथे किंचित धूसरताच मोलाची ठरते. रंग पुष्कळदा पट्ट्यांनी विभागलेला असल्याने पैलू पाडणाऱ्याला तो खड्याच्या तळाशी साधावा लागतो.

या कीर्तीमुळेच परीक्षेचा प्रश्न बिकट झाला. श्रीलंकेतील ‘गेउडा’ नावाचे दुधाळ कुरुविंद अतिउच्च तापमानास तापवून निळे करण्याची पद्धत १९७० नंतर थायलंडमध्ये रूढ झाली. कृत्रिम नीलम तर विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच तयार होतो व त्याचे रासायनिक संघटन नैसर्गिकासारखेच असते. म्हणून केवळ कठिनता वा वि. गु. पाहून निर्णय होत नाही. ज्योत-संगलन पद्धतीच्या कृत्रिम खड्यात वक्र वृद्धिरेषा व वायूचे बुडबुडे आढळतात, तर नैसर्गिक खड्यातील रंगपट्टे सरळ व कोनयुक्त असतात. मूळ स्थान ठरविण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली आंतरकण तपासतात व लेशमूलद्रव्ये मोजतात. तरीही मादागास्करमधील काही नीलम काश्मिरी नीलमाशी इतके मिळतेजुळते असतात की, प्रयोगशाळांच्या निष्कर्षांत मतभेद होतो.