फरशीची पूर्वतयारी (येलदरी व परिसर)

घरातील जुन्या जमिनीवर सिरॅमिक फरशी बसवण्यापूर्वी ती जमीन तपासणे, दुरुस्त करणे आणि एका पातळीत आणणे. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवरच्या धरणामुळे (१९६८) ठाऊक असलेल्या येलदरीच्या परिसरात या कामाचे खरे दुखणे फरशीच्या खाली असते. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. जोत्यात हीच माती भरली असेल, तर वरची जमीनही तिच्याबरोबर हलते.

मराठवाड्यात जुनी जमीन बहुधा तीन प्रकारची सापडते : शेणाने सारवलेली, कोब्याची आणि शहाबादी फरशीची. सारवलेल्या जमिनीवर थेट फरशी टिकत नाही. काळी माती काढून टाकायची, मुरूम थराथराने पाणी मारत धुमसायचा, वर दगडी सोलिंग आणि काँक्रीट घालायचे. याला पळवाट नाही.

कोबा किंवा शहाबादी असेल तर कान लावावा. लाकडी दांड्याने ठोकत गेले की पक्की जागा खणखणीत वाजते, पोकळ जागा बद्द. चार-दोन फरश्या पोकळ निघाल्या तर तेवढ्याच काढून भराव्यात. अर्धी खोली बद्द वाजली तर सगळे उखडलेले बरे. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. पावसाळा आणि पुढचा उन्हाळा गेल्यावर भेग खुणेपलीकडे सरकली असेल, तर दोष भरावात किंवा पायात आहे. एवढा धीर फार थोडे घरमालक धरतात.

घोटलेल्या कोब्यावर पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. ते तसेच राहिले तर माल पकड धरणार नाही. टाचे मारून पृष्ठभाग खरबरीत करावा आणि धूळ झाडून काढावी. स्वयंपाकघरात तेल मुरलेला थर खरवडावाच लागतो. ओल पाहायची तर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा; सकाळी आतून पाणी साचलेले दिसले तर आधी ओलीचा बंदोबस्त.

वाळू-सिमेंटचा माल २५ मिमी जाडीचा घातला, तर एका चौरस मीटरवर सुमारे ५० किलो भार वाढतो. वरच्या मजल्यावर हा हिशेब आधी करावा. पक्क्या, सपाट जमिनीवर आयएस १५४७७ या भारतीय मानकाचा चिकटा काही मिलिमीटर जाडीने पुरतो. त्यासाठी दोन मीटरची सरळ पट्टी फिरवून खालची फट ३ मिमीच्या आत आणावी लागते. तरीही फरशी धरून जमीन सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उचलली जाते, तेव्हा दारे घासणार का, हे सुतारालाच विचारावे.

न्हाणीत जाळीकडे मीटरमागे साधारण १ सेंमी उतार लागतो. तो खालच्या थरातच द्यावा आणि फरशी लावण्याआधी बादलीभर पाणी ओतून पाहावा. नंतर उतार बदलायचा म्हणजे नवी फरशी फोडणे आले.