निघून गेलेल्यांचा हिशेब

तुम्ही पुण्यात असा, बेळगावात असा, बडोद्याला असा की बंगळुरूला, आजची गोष्ट कुठे ना कुठे तुमच्या गावावरून जाते.

शिवाजीनगर म्हटलं की पुणेकराला आपलं रेल्वे स्टेशन आठवतं. पण बंगळुरूतही एक शिवाजीनगर आहे. रसेल मार्केट, बसस्थानकाची गर्दी, आणि तिथलं जुनं बाउरिंग हॉस्पिटल. इंग्रजांच्या काळात हा छावणीचा भाग होता. वस्तीचं नाव ब्लॅकपल्ली. ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेग रेल्वेने बंगळुरूत पोचला आणि अशा दाट वस्त्यांत घबराट उडाली. बऱ्याच लोकांनी घरदार सोडलं आणि गावचा रस्ता धरला.

आता मला सांगा, जो माणूस गाडीत बसून निघून गेला, त्याला हिशेबात कुठे धरायचं? जगला म्हणून, की मेला म्हणून? आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी दीड वर्ष मागे जाऊ. पुण्यात प्लेगची साथ होती. यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. घरोघरच्या झडत्यांनी लोक इतके धास्तावले होते की रुग्ण लपवले जात. त्याच संतापातून २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावरून परतणाऱ्या रँडवर चाफेकरांनी गोळी झाडली. हे आपण शाळेत शिकतो. पण आकडेवारीच्या दृष्टीने याचा अर्थ काय? काही रुग्ण लपलेले, काही पळालेले. सरकारी वहीत उरले ते फक्त सापडलेले.

अशा वातावरणात मुंबईत वाल्देमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. तुरुंगच का? कारण तिथून कोणी निघून जात नाही! सगळ्यांचं अन्न एक, छप्पर एक, आणि मोजणी रोजची.

पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, बडोद्याजवळच्या उंधेरा गावात त्यांनी आणखी हुशारी केली. एकेका कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. काही आठवड्यांनी मोजणी झाली. प्लेग शिरलेल्या घरांत लस घेतलेले ७१ जण होते, त्यातले ३ दगावले. न घेतलेले ६४ होते, त्यातले २६ दगावले. घर तेच, उंदीर तेच. म्हणून तुलना बोलकी.

पण संख्याशास्त्रज्ञ एवढ्यावर थांबत नाहीत. १९१५ साली मेजर ग्रीनवुड आणि अडनी यूल यांनी विषमज्वर आणि कॉलऱ्याच्या लशींचे आकडे तपासताना बजावलं की दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे हवेत आणि रोगाचा धोकाही दोघांना सारखाच हवा. (‘मेजर’ हा लष्करी हुद्दा नाही बरं का, त्यांचं नावच मेजर!) या ग्रीनवुड यांनी त्याआधी भारतातल्या प्लेगच्या आकडेवारीवर काम केलं होतं. पुढे १९२६ मध्ये कर्करोगाचे रुग्ण किती काळ जगतात, याचा अभ्यास करताना त्यांनी एक सूत्र दिलं. जगण्याच्या प्रमाणाचा अंदाज किती डळमळीत आहे, ते या सूत्राने कळतं. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

निघून गेलेल्यांच्या प्रश्नाला सुटसुटीत उत्तर मिळालं १९५८ मध्ये, एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांच्या लेखात. मायर वैद्यकीय अभ्यासांकडून या प्रश्नाकडे आले. कॅप्लन यांच्यासमोर होत्या समुद्रतळाच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब. चाचणी संपवली तेव्हा चालूच असलेली ट्यूब आणि गावी निघून गेलेला रुग्ण, दोघांची नोंद सारखीच अर्धवट. याला सेन्सॉरिंग म्हणतात.

पाटीवर मांडून पाहू. दहा रुग्ण आहेत. दुसऱ्या महिन्यात एक गेला. म्हणजे दहातले नऊ जगले. तिसऱ्या महिन्यात तिघे गावी गेले, पत्ता नाही. उरले सहा. सहाव्या महिन्यात त्यातला एक गेला, म्हणजे सहातले पाच जगले. आता गुणाकार करा: नऊ दशांश गुणिले पाच षष्ठांश. उत्तर ७५ टक्के. तिघांना जिवंत धरलं असतं तर ८० टक्के, मेलेले धरलं असतं तर ५०, आणि वहीतून खोडूनच टाकलं असतं तर सुमारे ७१. या पद्धतीत ते तिघे जितके दिवस आपल्यासमोर होते, तितक्या दिवसांची त्यांची साक्ष घेतली जाते. पुढचं त्यांच्या तोंडी घातलं जात नाही.

पण इथे एक मोठी अट आहे. निघून गेलेल्याची तब्येत मागे राहिलेल्यांसारखीच असली पाहिजे. आपल्याकडे माणूस उपचार सोडून जातो कशासाठी? कधी बरं वाटलं म्हणून. पण पुष्कळदा पैसे संपले म्हणून, किंवा डॉक्टरांनी आता घरी न्या म्हटलं म्हणून. तसं असेल तर ७५ हा आकडाही फसवा. प्रत्यक्षात जास्त माणसं गेलेली असतात आणि आपण औषधाला श्रेय देत बसतो.

या अडचणीवर सूत्र पुरत नाही, पाय झिजवावे लागतात. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत नोंदणीचे कार्यकर्ते जातात, लोकांशी बोलतात, कोण आजारी आहे, कोण आहे आणि कोण नाही, विचारतात. मृत्यूचा दाखला आणि त्यावरचं कारण यांचा भरवसा नसेल, तिथे दारात जाऊन विचारणं हीच खरी पद्धत. बंगळुरूत किदवई संस्थेतली नोंदणी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालते. अशा नोंदण्यांतूनच कळतं की अमुक कर्करोगाचे शंभरातले किती रुग्ण पाच वर्षांनी हयात असतात.

आता वर्तुळ पुरं करू. रँड ज्या बंगल्यावरून निघाला, ती आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. प्लेगने नेलेल्या बाईचं नाव, आणि प्लेगने पेटलेल्या सूडाची जागा. याच विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले जयंत देशपांडे यांनी १९८३ मध्ये एक कसोटी मांडली. एखादी वस्तू वापराने झिजत जाते, की तिचं बिघडणं निव्वळ योगायोगाचं असतं, हे आकड्यांवरून ओळखणारी. २००५ मध्ये त्यांचं आणि सुधा पुरोहित यांचं आयुर्मानाच्या आकडेवारीवरचं पाठ्यपुस्तक आलं. विमानाच्या इंजिनाचा भाग कधी बदलायचा आणि रुग्णाला पुन्हा कधी बोलवायचं, दोन्हींमागे हेच गणित.

म्हणून पुढच्या वेळी जाहिरातीत ‘अमुक टक्के रुग्ण बरे झाले’ असं वाचलंत, तर एकच प्रश्न विचारा: जे परत आलेच नाहीत, त्यांना तुम्ही कुठे धरलंत? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर तो आकडा अजून अर्धाच आहे असं समजा.